धरणाचा काठ आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

१

ठाणे जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास लिहून झाला आहे, असे समजले जाते. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडकसागर १९५७, बारवी १९७२, त्यानंतर भातसा. हा क्रम सरकारी अहवालांत पाठ केल्यासारखा येतो. विहार आणि तुळशी आज मुंबईत मोडतात. पण ती बांधली गेली तेव्हा साष्टी हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे हा जिल्हा मुंबईची, आणि पुढे मुंबईबाहेर वाढलेल्या शहरांची तहान भागवीत आला आहे. या इतिहासात बांधाची लांबी आहे, उंची आहे, साठा आहे, अभियंत्याचे नाव आहे. मोडकसागराला तर अभियंत्याचेच नाव मिळाले. एक सदर मात्र नेहमी एका ओळीत आटोपते : संपादित क्षेत्र, इतके हेक्टर.

हेक्टरांत माणसे मोजता येत नाहीत. त्या जमिनीवर कोण राबत होते, नदीवर मासे कोण धरत होते, पाड्याच्या कडेला कोणाची झोपडी होती, आणि पाणी चढले तेव्हा ती माणसे कोणत्या दिशेला गेली, हे त्या सदरात येत नाही. महात्मा फुल्यांनी आपल्याला कुळकर्ण्याच्या कागदाकडे संशयाने पाहायला शिकवले. तोच संशय घेऊन मी धरणाच्या कागदाकडे पाहतो आहे. माझा प्रश्न साधा आहे. धरणाने उठवलेल्या माणसाला 'धरणग्रस्त' हे नाव कोण देतो, आणि ते कोणाला मिळत नाही?

हा प्रश्न मला बारवीच्या संदर्भात विचारायचा आहे. कारण कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर आणि ठाणे या शहरांत हे नियतकालिक वाचणारे आपण अनेकजण बारवीचे पाणी पितो.

२

बारवी ही उल्हास नदीची उपनदी. बदलापूरच्या पुढे, मुरबाडच्या बाजूला पसरलेल्या जंगलपट्ट्यात तिच्यावर धरण झाले. हे धरण पाटबंधारे खात्याने बांधले नाही, कोण्या नगरपालिकेनेही बांधले नाही. ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले. हे महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. ठाण्यात, डोंबिवलीत, अंबरनाथला कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. कारखान्याला पाणी लागते, कामगाराच्या वस्तीलाही पाणी लागते. म्हणून १९७२ साली बारवीचे धरण उभे राहिले.

धरण कोणी व कशासाठी बांधले याला फार महत्त्व आहे. शेतीसाठी जे धरण होते त्याला लाभक्षेत्र असते. कालव्याखाली भिजणारी जमीन असते, आणि बुडालेल्याला त्या भिजणाऱ्या जमिनीतला तुकडा द्यावा असे निदान म्हणता तरी येते. कारखान्याच्या आणि शहराच्या धरणाला असे लाभक्षेत्रच नसते. त्याचे लाभक्षेत्र म्हणजे नळ, टाकी, कारखाना. ज्याचे भाताचे खाचर गेले त्याला डोंबिवलीच्या नळातून खाचर देता येत नाही. त्याच्या हाती उरतो तो मोबदल्याचा आकडा. आणि हा आकडा ज्याच्या नावावर खाचर होते त्याच्याच हाती पडतो.

१९७२ साली धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात नव्हता. तो १९७६ साली झाला. देशात असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, असे अभिमानाने सांगितले जाते. म्हणजे बारवीचे पहिले पाणी चढले ते इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या आधारावर. त्या कायद्याला जमीन माहीत होती, जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे असा माणूस माहीत होता. जमिनीवर घाम गाळणे हा हितसंबंध आहे, असे त्या कायद्याला वाटत नव्हते.

आता 'काठ' या शब्दाकडे पाहू. तळ्याकाठची वस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्थिर चित्र येते : पाणी आहे, काठ आहे, काठावर घरे आहेत. धरणाचा काठ असा स्थिर नसतो. धरणाची उंची वाढली की काठ वर सरकतो. काल जो काठावरचा होता, ज्याला आपण वाचलो असे वाटत होते, तो उद्याच्या नकाशात बुडितातला होतो. बारवीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. शेवटच्या टप्प्यात ती ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर गेली. वाढ अवघी चार मीटर. पण तेवढ्याने साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३४० दशलक्ष घनमीटरच्या घरात गेला. चार मीटरांत इतके पाणी मावते, कारण खोऱ्याचा तळ अरुंद असतो आणि वर ते पसरट होत जाते. आणि जिथे जमीन पसरट होते तिथेच माणसाने खाचरे बांधलेली असतात, तिथेच पाडे वसलेले असतात. अभियंत्याच्या दृष्टीने शेवटचे चार मीटर सर्वांत स्वस्त असतात. माणसाच्या दृष्टीने तेच सर्वांत महाग.

तोंडली, मोहघर, काचकोली, कोळे-वडखळ, मानिवली, सुकाळवाडी ही नावे या शेवटच्या टप्प्याची. मी ती मुद्दाम लिहितो आहे. शहरातल्या किती वाचकांनी ती ऐकली असतील? आपण 'बारवी ओसंडली' ही बातमी दर पावसाळ्यात आनंदाने वाचतो, आणि आपला आनंद खोटा नसतो, कारण पाणीकपात टळलेली असते. परंतु काठ वर सरकणार हे एकदा ठरले, की मधली सगळी वर्षे काठावरच्या माणसाने कशी काढायची, याची बातमी होत नाही. ज्या गावावर 'बुडीत क्षेत्र' असा शिक्का बसला तिथे नवे घर बांधावे की बांधू नये? विहिरीचा गाळ काढावा की काढू नये? शाळेची खोली, पक्का रस्ता, दवाखाना यांवर कोण खर्च करील? पाणी यायच्या आधी कित्येक वर्षे गाव कागदावर बुडालेले असते.

३

या पट्ट्यातला समाज कसा होता? मुरबाड, शहापूर, अंबरनाथच्या डोंगराळ भागात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी आणि गावाच्या कडेला महारवाडा, ज्याला आपण १९५६ नंतर बौद्धवाडा म्हणू लागलो. सखल जागी भाताची खाचरे, चढावर वरकस जमीन, तिच्यावर नाचणी-वरी. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाळ्यात लावणी करायची, भाद्रपदापर्यंत घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी उचलायची. खावटीपायी माणूस राबत राही आणि त्याची जमीन हळूहळू दुसऱ्याच्या नावावर जाई. १९४५ साली वारल्यांनी याच जिल्ह्यात वेठीविरुद्ध बंड केले, ते उगीच नव्हे.

अशा समाजात धरणाची नोटीस येते तेव्हा ती कोणाच्या घरी जाते? सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या घरी. मग सातबाऱ्याबाहेर कोण उरले, ते एकेक करून पाहू.

पहिला, कातकरी. तो पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कात करीत होता, कोळसा पाडत होता, नदीत मासे-खेकडे धरत होता, दुसऱ्याच्या शेतावर राबत होता. ज्या जागेवर त्याची कुडाची झोपडी, ती जागा जमीनमालकाची, नाहीतर वनखात्याची. नदी त्याचे अर्धे पोट भरीत होती. परंतु नदीचा सातबारा निघत नाही. नदीचे तळे झाले म्हणजे प्रवाहातले मासे धरण्याची त्याची रीत गेली. त्याचा मोबदला कोणत्या रकान्यात लिहिणार?

दुसरा, वनजमीन कसणारा. वनखात्याने काही जमिनी एकसाली पट्ट्याने कसायला दिल्या होत्या. नावाप्रमाणे हा पट्टा एका सालाचा. माणूस वीस-वीस वर्षे तीच जमीन कसतो, आणि कागद म्हणतो, याचा हक्क एका सालाचा.

तिसरा, आपला माणूस. महाराच्या जमिनीचा इतिहास वाचकांना नव्याने सांगायला नको. गावकीच्या चाकरीच्या बदल्यात वतन, आणि वतनाच्या बदल्यात पिढीजात दास्य. बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध १९२० च्या दशकापासून आवाज उठवला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा झाली. जमीन कब्जेहक्काची रक्कम भरील त्याला नव्या शर्तीने परत मिळावयाची होती. ज्याच्याजवळ भरायला पैसे होते त्याने भरले. ज्याच्याजवळ नव्हते त्याची जमीन कागदावर सरकारची राहिली आणि प्रत्यक्षात कोणाच्या तरी बांधात शिरली. शिवाय जिथे वतन होते तिथेही एका तुकड्यात असंख्य भाऊबंद, आणि नाव एकाचे. जिथे वतन नव्हतेच, तिथे महारवाडा गावठाणाच्या कडेला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर उभा. अशा वस्तीला धरणाने उठवले, तर उठवण्यापूर्वी ती तिथे होती हे सिद्ध करायला काय लागते? घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, मतदारयादी. आणि हे कागद मागणारा माणूस कागद नसण्याचे कारण विचारीत नाही.

अशा रीतीने जातिव्यवस्थेने ज्याला जमिनीपासून दूर ठेवले, त्याला धरणाने पुन्हा एकदा दूर ठेवले. पहिल्या वेळी धर्माच्या आधाराने, दुसऱ्या वेळी नोंदीच्या आधाराने. गावात जमीन नाही म्हणून तो भूमिहीन, आणि भूमिहीन म्हणून धरणग्रस्तही नाही.

कोणी म्हणेल, कागद नसेल तर सरकारने तरी काय करावे? याचे उत्तर याच परिसरात आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या लोकांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत वसाहत झाली, आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. त्या लोकांची घरे, दुकाने, दस्तऐवज सारे सरहद्दीपलीकडे राहिले होते. तरीही सरकारने १९५० साली खास कायदा करून त्यांचे दावे नोंदवून घेतले आणि तपासले. हे योग्यच झाले. त्या माणसांच्या यातना मोठ्या होत्या. मी हे उदाहरण देतो ते एवढ्यासाठी, की कागद मागे राहिलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायची रीत या राज्यसंस्थेला माहीत नव्हती असे नाही. बारवीच्या खोऱ्यातल्या कातकऱ्यासाठी ती रीत वापरावी असे तिला वाटले नाही, इतकेच. आज ते उल्हासनगरही बारवीचे पाणी पिते.

४

कायद्याची भाषा हळूहळू बदलली, हे मान्य केले पाहिजे. १९७६ नंतर महाराष्ट्रात पुनर्वसनाचे कायदे १९८६ आणि १९९९ साली नव्याने झाले. २००६ साली वनहक्क कायदा आला. त्याने आदिवासीला आणि इतर पारंपरिक वननिवासीला कसत्या वनजमिनीचा हक्क मान्य केला. पण इथेही फरक पाहा. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जो आदिवासी नाही, मग तो त्याच जंगलात त्याच दारिद्र्यात राहणारा दलित का असेना, त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या आजोबाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी आजोबाचा कागद आणावयाचा!

शेवटी २०१३ साली केंद्राने १८९४ चा कायदा रद्द करून नवा भूसंपादन कायदा केला. त्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत शेतमजूर, कूळ, वनोपज गोळा करणारे, मासेमारी करणारे, नाव चालवणारे यांचा समावेश झाला. जमिनीवर नाव नसले तरी पोट तिच्यावर असू शकते, हे केंद्राच्या भूसंपादन कायद्याने मान्य केले. १८९४ ते २०१३, म्हणजे ११९ वर्षे. या ११९ वर्षांत ठाणे जिल्ह्यातली बहुतेक मोठी धरणे बांधून झाली होती.

बारवीच्या उंचीवाढीचे काम आणि लोकांचे पुनर्वसन यांचा मेळ बसत नव्हता, म्हणून कित्येक वर्षे वाढीव उंचीइतके पाणी साठवता येत नव्हते. ही वर्षे फुकट मिळाली नाहीत. गावे जागची हलली नाहीत, संघटित राहिली, म्हणून त्यांचे ऐकावे लागले. २०१९ च्या पावसाळ्यात धरण वाढीव उंचीला पहिल्यांदा भरले. त्याच पावसाळ्यात, २७ जुलै २०१९ ला, उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवासी होड्यांतून बाहेर काढले गेले. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले. गाडीतला प्रत्येक माणूस मोजला गेला, आणि मोजला गेला म्हणून वाचला. त्या पावसाळ्यात काठावरून उठलेली गावे मात्र देशाने पाहिली नाहीत.

या लढ्यातून एक गोष्ट निघाली ती महत्त्वाची आहे. बारवीचे पाणी ज्या महापालिका आणि नगरपालिका घेतात, त्यांनी पाण्याच्या वाट्याच्या प्रमाणात धरणग्रस्त कुटुंबातल्या माणसाला नोकरी द्यावी, असे धोरण ठरले. पाणी पिणाऱ्या शहराचे उठवलेल्या गावाशी काही देणे लागते, हे यातून प्रथमच हिशेबात आले. मी या धोरणाचे स्वागत करतो. पण यातही नोकरी यादीतल्या कुटुंबाला. आणि यादी कोणत्या कागदावरून होते, या मूळ प्रश्नाशी आपण पुन्हा येऊन थांबतो.

५

आता आपल्याविषयी.

माझी आई मुरबाडकडची. विहिरीपासून हातभर लांब उभे राहून, कोणी वरून ओतील तेव्हा हंडा भरायचा, हे तिने लहानपणी केलेले. पुढे आम्ही कल्याणजवळ राहायला आलो. सत्तरच्या दशकात वस्तीत सार्वजनिक नळ आला. त्या नळाखाली आईने हंडा ठेवला तेव्हा तिला कोणी जात विचारली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याचा अर्थ आईला भाषणांतून जितका कळला त्याहून अधिक त्या नळाखाली कळला असे मला वाटते. शहराचा नळ ही आपल्या समाजाच्या मुक्तीतली लहान गोष्ट नाही. म्हणून धरण म्हणजे पाप, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना (१९४२-४६) बाबासाहेबांनीच दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय योजनांची पायाभरणी केली. पुरात वाहून जाणारे पाणी माणसाच्या कामी यावे, ही त्यांची दृष्टी होती. फुल्यांनीही 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवण्याची मागणी केली आहे.

तरीपण त्याच नळाचे दुसरे टोक मी पाहिले नाही असे करता येत नाही. नळाला जात नसेल, पण ज्या खोऱ्यातून ते पाणी आले तिथे कोण उठले आणि कोण उठूनही मोजले गेले नाही, हे जातीनेच ठरवले. आपण शहरातले दलित एका बाजूने वंचित आहोत आणि दुसऱ्या बाजूने लाभार्थी आहोत. ही गोष्ट अवघड आहे, परंतु खरी आहे. ती न बोलता आपण कातकऱ्याला, ठाकराला 'आपला बांधव' म्हणू लागलो, तर तो सभेपुरता शब्द होईल.

महाडच्या लढ्यातला एक तपशील इथे आठवावा. चवदार तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. तळे सार्वजनिक नसून खाजगी मालकीचे आहे, असे सवर्णांतर्फे कोर्टात मांडले गेले. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. पाण्याचा प्रश्न शेवटी मालकीच्या कागदावर नेऊन ठेवायचा, ही रीत जुनी आहे. ती मोडण्याचा वारसा आपला आहे.

१९२१ साली मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांमुळे तो इतिहासात नोंदला गेला. त्या लढ्यातही जमिनीवर सावकारी हक्क असलेल्यांचे लक्ष मोबदल्याच्या आकड्यावर गेले आणि कसणारा मावळा मागे पडला. शंभर वर्षांनीही आपण त्याच जागी उभे राहणार काय?

कारण हे संपलेले नाही. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरणाचे काम २०११ साली वनखात्याच्या परवानगीविना सुरू झाले. लोक संघटित झाले, न्यायालयात गेले, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. पण शहरे वाढत आहेत, आणि पाण्याची मागणी काही थांबत नाही. काळूचे नाव पुन्हापुन्हा निघते आहे. पुढचे धरण कुठलेही असो, काठ पुन्हा सरकणार आहे.

म्हणून या जिल्ह्यातल्या आपल्या तरुण लेखकांना, कार्यकर्त्यांना माझे एक सांगणे आहे. धरण येण्यापूर्वी पाड्यांवर जा. सातबारा बाजूला ठेवा. प्रत्येक झोपडीतल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहा. तो काय कसत होता, कोणाच्या शेतावर राबत होता, नदीचा कोणता डोह त्याचा होता, त्याच्या मेलेल्या माणसांना कुठे पुरले आहे, हे त्याच्या तोंडून ऐकून लिहा आणि त्यावर गावाची साक्ष घ्या. २०१३ च्या कायद्याने शेतमजूर आणि मासेमारी करणारा यांना बाधित म्हटले आहे. ते सिद्ध करायला लागणारा कागद त्यांच्याजवळ नाही, तो आपण तयार करू शकतो. बारवीच्या जुन्या काठावरून जे आधीच विखुरले, ते आज बदलापूर, अंबरनाथ, मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर सापडतील. ज्यांना पहिले पाणी आठवते अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करावी.